एका ग्रॅमचा लेप

नोकियाची बीएल-५सी ही बॅटरी एका अख्ख्या पिढीने हाताळली आहे. मागचे झाकण सरकवायचे, नखाने बॅटरी उचलायची, पुसून परत बसवायची. तिच्या पाठीवर ३.७ व्होल्ट असे छापलेले असे आणि पूर्ण चार्ज झाली की ती ४.२ व्होल्टला थांबे. आजच्या बऱ्यापैकी स्मार्टफोनच्या बॅटरीवर ३.८५ किंवा ३.८७ असा आकडा दिसतो, आणि चार्जिंगची वरची मर्यादा ४.४, कधी ४.४५ व्होल्टपर्यंत गेलेली असते. इतक्या वर्षांत वाढ झाली ती जेमतेम पाव व्होल्टची. पण या पाव व्होल्टमुळे तेवढ्याच वजनाच्या पदार्थात सुमारे पंचवीस टक्के जास्त वीज मावते. सकाळी चार्ज केलेला फोन रात्रीपर्यंत टिकतो, त्यात या पाव व्होल्टचा वाटा मोठा आहे.

ही मजल मारताना बॅटरीतला मूळ पदार्थ बदलावा लागला नाही. १९८० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ, कोइची मिझुशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड, म्हणजे बॅटरीचे धन टोक, म्हणून उपयोग दाखवला, १९९१ मध्ये सोनीने ज्यावर पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तोच पदार्थ आजही बहुतेक फोनमध्ये आहे. त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम अशा मूलद्रव्यांची चिमूटभर भर पडली, इलेक्ट्रोलाइट सुधारला, आणि पदार्थाच्या प्रत्येक कणावर एक अतिशय पातळ लेप चढला. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासह नोबेल मिळाले. लेपावर काम करणाऱ्यांची नावे मात्र त्या विषयाच्या बाहेर कोणाला ठाऊक नाहीत, आणि म्हणूनच त्यांची गोष्ट सांगायला हवी.

लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची रचना थरांची आहे. कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांचे थर एकावर एक, आणि प्रत्येक दोन थरांच्या मधल्या जागेत लिथियम. चार्ज करताना लिथियमचे आयन तिथून बाहेर पडतात, द्रवरूप इलेक्ट्रोलाइटमधून पलीकडच्या ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात आणि फोन वापरताना परत येतात. सगळे लिथियम बाहेर काढता आले असते तर एका ग्रॅममधून २७४ मिलिअँपिअर-तास मिळाले असते. ४.२ व्होल्टला थांबल्यावर हाती येतात सुमारे १४०. म्हणजे निम्मे लिथियम जागेवरच राहते, आणि ते तिथे मुद्दाम ठेवावे लागते. व्होल्टेज वाढवून आणखी काढायला गेले की थर सैल होतात, त्यांच्यातला ऑक्सिजन अस्थिर होतो आणि कणाच्या पृष्ठभागावर पडझड सुरू होते.

पडझडीची सुरुवात पृष्ठभागावर व्हावी याला कारण आहे. कणाचा गाभा बऱ्यापैकी सुरक्षित असतो. इलेक्ट्रोलाइटशी गाठ पडते ती बाहेरच्या अणूंची. इलेक्ट्रोलाइट म्हणजे कार्बोनेट जातीची सेंद्रिय द्रावके आणि त्यात विरघळवलेला लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार. हा क्षार पाण्याच्या अंशालाही बिचकतो. सेलमध्ये दहा लाखांत काही कण पाणी राहिले तरी त्यातून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते, आणि हे आम्ल धातूंची ऑक्साइडे खाते. खाताना पुन्हा पाणी सुटते, त्या पाण्यातून आणखी आम्ल. विरघळलेला कोबाल्ट, निकेल किंवा मँगनीज पलीकडे ग्रॅफाइटवर जाऊन बसतो आणि तिथला संरक्षक थर बिघडवतो. शिवाय उच्च व्होल्टेजला कॅथोडचा पृष्ठभाग स्वतःच इलेक्ट्रोलाइटचे ऑक्सिडीकरण करतो. त्यातून वायू सुटतात. जुन्या फोनची फुगलेली पाठ अनेकांनी पाहिली आहे. त्या फुगवट्यामागच्या कारणांत हे एक असते.

आता या पृष्ठभागाचा आवाका पाहू. कॅथोडची पूड काळी, मऊ आणि हाताला जड लागणारी. तिचे कण साधारण दहा मायक्रोमीटरचे. अशा एक किलो पुडीतल्या सगळ्या कणांचे पृष्ठभाग उलगडून पसरले तर सुमारे तीनशे चौरस मीटर भरतात. मोठी बॅटरी असलेल्या विजेच्या मोटारीत असा शंभर किलो कॅथोड असतो. म्हणजे तीन हेक्टर, सव्वासात एकरांहून थोडे जास्तच. या एवढ्या क्षेत्रावर अखंड, सारख्या जाडीचा लेप द्यायचा, तोही एक नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा असा लेप द्यायला एक किलो पुडीला जेमतेम एक ग्रॅम पदार्थ पुरतो.

आपल्याकडे पितळेच्या भांड्याला आतून कल्हई करत, ती याच कारणासाठी. आंबट पदार्थाचा पितळेशी थेट संबंध येऊ नये म्हणून मध्ये कथिलाचा पातळ थर. पण कल्हईला एक मुभा होती, तिच्यातून काही आरपार जायचे नव्हते. कॅथोडवरच्या लेपाने आम्लाला आणि द्रावकाला अडवायचे, लिथियमच्या आयनांना मात्र दर चार्जिंगला बाहेर आणि दर वापराला आत जाऊ द्यायचे. ॲल्युमिनियम ऑक्साइड हा तर विजेचा पक्का विरोधक. जाड झाला की बॅटरी मंदावते, फारच पातळ झाला की मध्ये मध्ये उघडा राहतो. या कामातली बरीचशी कसरत या दोन टोकांमधली आहे.

सुरुवातीच्या महत्त्वाच्या प्रयत्नांपैकी एक अमेरिकेतल्या बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत झाला. ग्लेन अमाटुची, झां-मारी तारास्काँ आणि त्यांचे सहकारी तिथे मँगनीजच्या कॅथोडवर काम करत होते. मँगनीज स्वस्त, मुबलक. पण तापमान ५५ अंशांवर गेले की तो विरघळू लागे. त्यांनी कणांवर लिथियम आणि बोरॉनच्या ऑक्साइडची काच चढवली आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५५ अंश ही प्रयोगशाळेची मनमानी अट नव्हती. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात उभ्या राहिलेल्या वाहनाच्या बॅटरीला पन्नाशी गाठणे फार अवघड नाही. उष्ण देशात बॅटरी लवकर का म्हातारी होते, याचे एक उत्तर या रसायनात आहे.

मग कोरियातले काम गाजले. सॅमसंग एसडीआयमधले जेफिल चो आणि सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठातले ब्युंगवू पार्क यांनी २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवर एकामागून एक ऑक्साइडे चढवून पाहिली. ॲल्युमिनियमचे, झिर्कोनियमचे, टायटॅनियमचे. पद्धत साधी होती: धातूच्या संयुगाचे द्रावण करायचे, त्यात पूड घोळवायची, वाळवायची आणि भट्टीत तापवायची. लेप दिलेला कॅथोड जास्त व्होल्टेजला कितीतरी पटींनी जास्त टिकला. २००३ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियम फॉस्फेटच्या लेपाचा प्रयोग मांडला. त्यात सेल जाणूनबुजून १२ व्होल्टपर्यंत अतिचार्ज केली होती. लेप नसलेली सेल भडकली. लेप असलेली तापली, पण शांत राहिली. बॅटरीच्या सुरक्षिततेविषयी ज्यांना आस्था होती त्यांच्यासाठी ही मोठी बातमी होती.

पण लेपाने नेमके काय केले? चो आणि पार्क यांचे म्हणणे असे की, झिर्कोनियमसारख्या कठीण ऑक्साइडचे आवरण कणाला आवळून धरते. चार्जिंगच्या वेळी थर जे ताणले जातात ते ताणले जातच नाहीत, म्हणून तडे जात नाहीत. स्पष्टीकरण मनाला पटणारे होते आणि ते झपाट्याने पसरले.

कॅनडाच्या हॅलिफॅक्स शहरात, डलहौसी विद्यापीठात, जेफ डान यांना ते पटले नाही. डान यांची ख्याती अशी की, ते कोणताही दावा स्वतः मोजून पाहिल्याशिवाय स्वीकारत नाहीत. त्यांनी आणि झाओहुई चेन यांनी चालू बॅटरीवर क्ष-किरण टाकून थरांमधले अंतर मोजले. लेप असो वा नसो, थर सारखेच ताणले जात होते. आवळून धरण्याची गोष्ट तिथेच संपली. फायदा मात्र खरा होता, तो नाकारता येत नव्हता.

मग त्यांनी एक साधा प्रयोग केला, आणि या सगळ्या कहाणीतला तो सर्वांत शिकण्यासारखा आहे. लेप देताना पूड शेवटी भट्टीत तापवली जाते. समजा, लेप न देताच ती तापवली तर? त्यांनी बाजारातली साधी पूड घेतली, ५५० अंशांना तापवली आणि ताबडतोब सेल बनवली. ४.५ व्होल्टपर्यंत चार्ज करूनही ती उत्तम टिकली, लेप दिलेल्या पुडीच्या तोडीस तोड. हवेत साठवून ठेवलेल्या कणांवर ओलावा आणि कार्बोनेटसारखी पुटे धरतात. तापवल्यावर ती जातात. म्हणजे तोवर लेपाच्या नावावर जमा झालेल्या श्रेयातला मोठा वाटा भट्टीचा होता.

लेप हे सगळे थोतांड, असा याचा अर्थ चेन आणि डान यांनी काढला नाही, कोणी काढूही नये. पण तुलना कशाशी करायची, हा प्रश्न त्यांनी विषयाच्या मध्यभागी आणून ठेवला. लेप दिलेली पूड ज्या ज्या प्रक्रियेतून गेली, त्या सगळ्यांतून लेप नसलेलीही गेली पाहिजे. तरच फरक लेपाचा. आजही लेपांवर निबंधांचा पूर लोटतो, आणि त्यातल्या अनेकांत ही काळजी घेतलेली नसते. नाण्याएवढ्या छोट्या सेलमध्ये, समोर ग्रॅफाइटऐवजी लिथियम धातू ठेवून, पन्नास-शंभर वेळा चार्ज करून काढलेले आकडे मोटारीतल्या दहा वर्षांविषयी फार थोडे सांगतात.

लेप खरोखरच अखंड आणि सारखा कसा द्यायचा, याचे उत्तर बॅटरीशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून आले. फिनलंडचे तुओमो सुन्तोला यांनी १९७४ मध्ये अणूंचा एकेक थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यांना चपटे, स्वतः उजळणारे पडदे बनवायचे होते. १९८३ मध्ये हेलसिंकीच्या विमानतळावर तसे पडदे लागले. पुढे हीच पद्धत संगणकाच्या चिपा बनवण्यात अटळ ठरली आणि २०१८ मध्ये सुन्तोला यांना फिनलंडचा मिलेनियम तंत्रज्ञान पुरस्कार मिळाला. सोव्हिएत लेनिनग्राडमध्ये साठच्या दशकातच या विचाराची स्वतंत्र पायाभरणी झाली होती, हेही नोंदवायला हवे.

या पद्धतीतली एक फेरी जवळून पाहण्यासारखी आहे. बंद पात्रात पूड ठेवतात, हवा काढून घेतात आणि दीडशे-दोनशे अंशांच्या आसपास ती तापवतात. मग ट्रायमिथाइल ॲल्युमिनियमची वाफ सोडतात. हा द्रव हवा लागताच पेट घेतो, म्हणून सगळे काम बंद नळ्यांतून. वाफेचे रेणू कणांच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना जाऊन चिकटतात आणि मिथेन सुटतो. सगळ्या जोड्या भरल्या की रेणूंना बसायला जागा उरत नाही. वाफ कितीही सोडली तरी दुसरा थर चढत नाही. उरलेली वाफ बाहेर काढायची, मग पाण्याची वाफ सोडायची. ती चिकटलेल्या रेणूंवरचे उरलेले मिथाइल गट काढून टाकते, पुन्हा मिथेन सुटतो, आणि पृष्ठभागावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या नव्या जोड्या तयार होतात. एक फेरी पूर्ण. जाडी वाढली नॅनोमीटरच्या साधारण एक दशांशाने. पूड एका जागी पडून राहिली तर खालच्या कणांपर्यंत वाफ पोचत नाही, म्हणून ती फिरत्या पिंपात घोळवतात किंवा खालून वायू सोडून तरंगती ठेवतात.

२०१० मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेत यून सिओक जुंग, अँड्र्यू कॅव्हनाह, स्टीव्हन जॉर्ज, से-ही ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडवर अशा फक्त दोन फेऱ्या केल्या. पाव नॅनोमीटरही नाही एवढा थर. ४.५ व्होल्टपर्यंत १२० वेळा चार्ज केल्यावर उघड्या पुडीची क्षमता ४५ टक्क्यांवर आली, लेप दिलेल्या पुडीची ८९ टक्के शिल्लक होती. फेऱ्या वाढवल्या तर फायदा वाढण्याऐवजी लिथियमची ये-जाच अडखळू लागली. इतक्या थोड्या पदार्थाने एवढा फरक पडावा, हे बॅटरीच्या क्षेत्रातल्या लोकांनाही चकित करणारे होते.

आणि तरीही लेप नेमके काय करतो, हा डान यांच्या गटाचा जुना प्रश्न सुटलेला नव्हता. ॲल्युमिनियम ऑक्साइड हायड्रोफ्लुओरिक आम्ल शोषून घेते आणि स्वतः फ्लुओराइड बनते, हे उत्तर सगळीकडे दिले जाई. पण त्या क्रियेतही पाणी सुटते, आणि पाण्यातून पुन्हा आम्ल होते; हिशेब जुळत नव्हता. २०१९ मध्ये डेव्हिड हॉल, डान आणि सहकाऱ्यांनी वेगळाच धागा पकडला. त्यांना आढळले की ॲल्युमिनियम ऑक्साइड इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराशी हळूहळू अभिक्रिया करते आणि त्यातून लिथियम डायफ्लुओरोफॉस्फेट तयार होते. हा पदार्थ बॅटरीवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. आयुष्य वाढावे म्हणून तो इलेक्ट्रोलाइटमध्ये मुद्दाम घालतात. म्हणजे लेप नुसता अडसर म्हणून उभा नव्हता. तो स्वतः खर्ची पडत होता आणि खर्ची पडताना सेलच्या आतच औषध तयार करत होता.

ही दृष्टी एकदा आली की बऱ्याच गोष्टी उलगडतात. लेप सर्वत्र अखंड नसला, कणांवर ठिपक्या-ठिपक्यांनी बसला असला, तरी उपयोग का होतो, हे कळते. कारखान्यांत तर बहुतेक वेळा तसाच लेप असतो. अणूंचे थर चढवणे महाग, त्यामुळे रोजच्या उत्पादनात ॲल्युमिनियम ऑक्साइडची अतिसूक्ष्म पूड कॅथोडच्या पुडीत टाकून वेगवान मिक्सरमध्ये घुसळतात आणि मग तापवतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो सलग पडदा दिसत नाही. पण काम होते, आणि टनांनी होते.

मोटारींच्या बॅटऱ्यांत कोबाल्ट कमी आणि निकेल जास्त, अशी वाटचाल सुरू झाल्यावर लेपाची गरज आणखी तीव्र झाली. कोबाल्ट महाग आहे आणि त्याचा मोठा भाग काँगोमधून येतो, तिथल्या काही खाणींत मुलांना राबवले जाते. निकेलकडे वळण्यामागे ही दोन्ही कारणे होती. पण आठ भाग निकेल, एक भाग मँगनीज आणि एक भाग कोबाल्ट असलेली पूड हवेला फारच नाजूक. पृष्ठभागावरचे लिथियम हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचे पूट धरते. अशी पूड बंधक प्लास्टिक आणि द्रावकात कालवली की अल्कलीमुळे ते मिश्रण घट्ट होत जाते, शेवटी यंत्रातून पुढे सरकतच नाही, आणि अख्खा घाणा टाकून द्यावा लागतो. म्हणून ही पूड आधी पाण्याने धुतात, वाळवतात आणि बोरिक आम्लासोबत पुन्हा तापवतात. उरलेसुरले लिथियम बोरॉनशी जुळते आणि त्याचाच लेप होतो. नको असलेला मळच कामाला लावण्याची ही युक्ती विलक्षण सुंदर आहे.

निकेलच्या कणाची दुसरी अडचण अशी की, तो एकसंध नसतो. शेकडो बारीक स्फटिक एकत्र येऊन दहा मायक्रोमीटरचा गोळा झालेला असतो. पूर्ण चार्जच्या जवळ स्फटिकाचे थर एकदम आकसतात, प्रत्येक स्फटिक आपापल्या दिशेने ओढतो आणि गोळ्याला तडे जातात. तड्यांतून इलेक्ट्रोलाइट आत शिरतो. बाहेरचा लेप तिथे काहीच करू शकत नाही, कारण आतले पृष्ठभाग त्याने कधी पाहिलेलेच नसतात. यावर शिकागोजवळच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत खलील अमीन, ग्वी-लियांग शू आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक मार्ग दाखवला. पेडॉट नावाचे वीज वाहणारे बहुवारिक ज्या रेणूंपासून बनते, त्यांची वाफ त्यांनी सोडली. वाफ गोळ्याच्या आत, स्फटिकांच्या मधल्या फटींत शिरली आणि तिथे लेप बसला. काहींनी उलट बाजूने विचार केला आणि गोळ्याऐवजी एकेकटे मोठे स्फटिकच वाढवले. तडेच नाहीत, तर आतून लेपाची गरजही नाही. सोलच्या हान्यांग विद्यापीठातले यांग-कूक सन यांनी कणाच्या गाभ्यात निकेल जास्त आणि बाहेर येता येता मँगनीज जास्त, अशी रचना केली.

लेपाचा एक प्रकार संरक्षणासाठी नव्हता, आणि भारतातल्या वाचकाशी सर्वांत जवळचा तोच आहे. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट हा कॅथोड मांडला. लोखंड आणि फॉस्फेट, दोन्ही स्वस्त. ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला, म्हणून आगीचा धोका कमी. पण वीज त्यातून जवळजवळ वाहतच नव्हती. दोनच वर्षांनी कॅनडातल्या मिशेल आर्मां, नताली रावे आणि सहकाऱ्यांनी कणांवर कार्बनचा पातळ लेप चढवून दाखवला. साखरेसारखा सेंद्रिय पदार्थ पुडीत मिसळायचा आणि ऑक्सिजन नसलेल्या भट्टीत सुमारे सातशे अंशांना जाळायचा. साखरेतले पाणी निघून जाते, कार्बन कणांवर काही नॅनोमीटर जाडीचा बसतो. तो वीज पोचवतो, भट्टीत कणांना एकमेकांना चिकटून मोठे होऊ देत नाही आणि लोखंडाला हव्या त्या अवस्थेत ठेवतो. या लेपाशिवाय हा पदार्थ प्रयोगशाळेबाहेर पडला नसता. आज टाटांच्या नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्या त्यावर धावतात.

घनरूप इलेक्ट्रोलाइटच्या बॅटऱ्यांचा सध्या मोठा बोलबाला आहे. तिथे तर लेपावाचून पानही हलत नाही. गंधकयुक्त घन इलेक्ट्रोलाइट लिथियम उत्तम वाहून नेतो, पण चार व्होल्टच्या कॅथोडला थेट टेकला की त्या सांध्यावरच खराब होतो आणि वाट बंद पडते. जपानमधल्या त्सुकुबा इथल्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत नारुमी ओहता, काझुनोरी ताकादा आणि सहकाऱ्यांनी २००६-०७ मध्ये आधी लिथियम टायटेनेट आणि मग लिथियम नायोबेट यांचे काही नॅनोमीटरचे लेप मध्ये घातले आणि विरोध एकदम खाली आला. लिथियम नायोबेटचा लेप आजही या क्षेत्रात मानदंड मानला जातो. टोयोटा आणि इदेमित्सू यांनी २०२७-२८ च्या सुमारास अशा बॅटऱ्या बाजारात आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे.

लेपाकडून नको त्या अपेक्षाही ठेवू नयेत. २०१६ मध्ये सॅमसंगचे गॅलेक्सी नोट ७ पेटले, तेव्हा चौकशीत दोष निघाला तो दाबल्या गेलेल्या कोपऱ्यांचा आणि जोडणीच्या जागी राहिलेल्या टोकदार कडांचा. कॅथोडचा कण कितीही चांगला झाकला असता तरी तो अपघात टळला नसता. बॅटरीची सुरक्षितता कारखान्यातल्या शेकडो लहान गोष्टींवर उभी असते.

भारत सरकारने मे २०२१ मध्ये प्रगत सेलच्या उत्पादनासाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. लक्ष्य होते वर्षाला ५० गिगावॅट-तास क्षमतेचे. त्यात मोजदाद सेलची आहे. पण सेलचे आयुष्य ठरते ते तिच्यात जाणाऱ्या काळ्या पुडीवर, आणि ती पूड, तिच्यावरच्या लेपासकट, आपण अजून बहुतांशी बाहेरूनच घेतो. लेप कोणता, किती, कोणत्या तापमानाला चढवला, हे पुरवठादार सांगत नाही. ते त्याचे खरे भांडवल असते. सेल इथे जुळवली आणि पूड बाहेरची राहिली, तर आपल्या उन्हाळ्याला मानवेल असा लेप कोणी आपल्यासाठी शोधणार नाही. युरोप किंवा चीनच्या हवामानात घेतलेल्या चाचण्या विदर्भाच्या मे महिन्याला पुऱ्या पडत नाहीत, आणि हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाला बॅटरी तिसऱ्या वर्षी बदलणे परवडत नाही. या दिशेने एक ठोस पाऊल हैदराबादमध्ये पडले आहे. तिथल्या एआरसीआय या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेने लिथियम आयर्न फॉस्फेट तयार होत असतानाच त्याच्या कणांवर कार्बनचा लेप चढेल, अशी प्रक्रिया विकसित केली आणि अल्टमिन या हैदराबादच्याच कंपनीकडे ती उत्पादनासाठी सोपवली. निकेलच्या पुडीसाठी, जिला लेपाची निकड याहून कितीतरी जास्त आहे, असे काम देशात मोठ्या प्रमाणावर अजून व्हायचे आहे.